उंडीखालची झोप

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा घरात सासूबाई, मोठे दीर आणि जाऊबाई होत्या, आणि आम्ही दोघं. समुद्राला लागून नारळ-सुपारीची वाडी, हरिहरेश्वराहून चालत येण्याइतकी जवळ. जेवणं आटोपली की पुरुष माणसं आडवी होत. दीर शाळेत मास्तर होते. सुट्टीत ते झोपाळ्यावर झोपले की आम्ही भांडीसुद्धा आवाज न करता घासायचो. आम्ही जावांनी मात्र दुपारी पाठ टेकायची नाही. तसं कुणी कधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी माहेरच्या सवयीनं माजघरात लवंडले, तर सासूबाई दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "बरं नाही का गो?"

मी घाबरून डोकं दुखतंय म्हणाले. त्यांनी लगेच सुंठ उगाळून आणली. तो लेप कपाळाला लावून मी उठले आणि तांदूळ निवडायला बसले. घामानं सुंठ डोळ्यांत उतरत होती.

बाहेर बसायच्या दिवसांत तरी विसावा मिळेल असं वाटलं होतं. तेव्हा पडवीत झावळ्यांचा ढीग येऊन पडे, केरसुणीचे हीर काढायला.

जाऊबाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्या बसल्याबसल्या झोपायला शिकल्या होत्या. सूप मांडीवर, बोटं तांदळात, मान ताठ. पाऊल वाजलं की डोळे उघडायच्या आधी बोटं हलू लागत. मला सुरुवातीला त्याची गंमत वाटे.

उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेली सुपारी सोलायला शेजारच्या पाड्यातल्या बायका येत. सकाळभर घरापुढच्या खळ्यात बसून भराभर सोलत. ऊन डोक्यावर आलं की सुऱ्या खाली ठेवून वाडीच्या टोकाला उंडीच्या झाडाखाली जात. भाकरी, भाजलेलं सुकट, मग चिमूटभर मशेरी, आणि तोंडावर पदर घेऊन चक्क घोरत पडत. कुणी कुणाला विचारत नसे. मजुरी मापावर असल्यानं सासूबाईही काही बोलत नसत. मागच्या दारातून मी त्यांच्याकडे बघत राहायची. त्यांचे पाय फुटलेले, लुगडी विरलेली, तरी मला त्यांचा हेवा वाटे.

एका वर्षी जाऊबाईंना दिवस गेले होते, ते टिकले नाहीत. चार दिवसांत त्या पुन्हा विहिरीवर उभ्या होत्या. एका दुपारी त्या उंडीखाली पाण्याची कळशी घेऊन गेल्या, त्या परत येईनात. मी बघायला गेले. बायकांच्या मधोमध त्या गाढ झोपल्या होत्या. कुणीतरी आपल्या फडक्याची घडी करून त्यांच्या उशाला दिली होती.

त्यांच्यातली थोराड बाई हळूच म्हणाली, "निजू दे गो तिला. अंगात रगत न्हाय तिच्या."

मी परत फिरले. पण सासूबाई माझ्या मागोमागच आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "ऊठ." जाऊबाई अशा उठल्या की कळशी कलंडली.

संध्याकाळी दिरांनी जाऊबाईंना विचारलं, "घरात तुला खाट नाही का?" त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं, त्याचाच मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बायकांना बजावलं, "आजपासून इथंच खळ्यात जेवा. झोपायचं नाही."

थोराड बाई म्हणाली, "काकू, माप पुरं देतो न्हाय आमी? निजलो तर तुमचं काय जातं?"

"माझ्या सुना बघतात."

तिनं जाऊबाईंकडे पाहिलं, मांडीवरची सालं झटकली आणि उभी राहिली. "मग सुनांकडूनच सोलून घ्या." तिच्या पाठोपाठ सगळ्या गेल्या.

सुपारी आम्हीच सोलली, पावसाळा तोंडावर येईपर्यंत. जाऊबाईंच्या अंगठ्याला सुरी लागली, ती जखम चिघळली, नख गेलं ते वाकडंच आलं. गावात बोलणं झालं की थोरल्या सुनेनं मजूर घालवले. सासूबाईंनी ते कधी खोडलं नाही.

पुढे काही वर्षांनी सासूबाई गेल्या. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, घर शांत झालं. एका दुपारी मी माजघरात दोन चटया घातल्या आणि म्हटलं, "जाऊबाई, या. आता कोण बोलणार आहे?"

त्या आल्या. लुगडं घोट्यापर्यंत ओढून, आढ्याकडे बघत ताठ पडून राहिल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "कुणी आलं वाटतं."

"कुणी नाही हो."

"नको गो. छातीत धडधडतं. तू झोप." आणि त्या उठून खळ्यात गेल्या. थोड्याच वेळात सुपारीवर सुरी चालल्याचा आवाज येऊ लागला.

मला त्यांची कणव यायला हवी होती, पण आला तो राग. गेलेल्या सासूबाईंचा आला, झोपाळ्यावर घोरणाऱ्या दिरांचा आला, आणि खरं सांगायचं तर जाऊबाईंचाही आला. मी कूस वळवली आणि चहाच्या वेळेपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवसापासून मी एकटीचीच चटई घालू लागले. त्यांना पुन्हा विचारलं नाही.