तळ्याकाठच्या पापड्या

कबूल करते, स्टेट पार्कमध्ये तळ्याकाठी, पिकनिक टेबलावर प्लास्टिक पसरून साबुदाण्याच्या पापड्या घालणारी बाई मीच. अल्फारेटाच्या अपार्टमेंटमध्ये बाल्कनीत साधा टॉवेल वाळत टाकला तरी तिथल्या मॅनेजरच्या ऑफिसातून चिठ्ठी यायची. आणि इथे जॉर्जियातलं जुलैचं कडकडीत ऊन नुसतं वाया चाललेलं! तेव्हा मला आपण फार हुशार आहोत असं वाटायचं.

कॅम्पिंगचं वेड ह्यांचं. "चांगला पलंग घरी ठेवून जमिनीवर कशाला झोपायचं?" म्हणत मी दोन उन्हाळे टाळलं. शेवटी निघाले ती पापड्यांच्या लोभाने. डिकीत तंबूच्या आधी माझं पातेलं चढलं.

पहिल्या सकाळी मात्र चहाचा कप घेऊन पाइनच्या झाडांखालून तळ्यापाशी गेले. पाण्यावर धुकं होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. माझ्यासकट, हे विशेष. मला ते फार आवडलं. ह्यांना सांगितलं काय, तर "डास फार आहेत."

मग हे आणि आठ वर्षांची लेक होडीतून गेले. मी साबुदाणा शिजवला, पापड्या घातल्या, राखणीला काठी घेऊन खुर्चीत बसले आणि घोरायला लागले. जाग आली ती कलकलाटाने. दहा-बारा जाडजूड रानहंस टेबलावर पंगतीला बसलेले! एकाच्या पायाला चिकटून सगळं प्लास्टिकच निघालेलं. मी काठी उगारून मागे धावले, तर समोर रेंजरबाई.

"मॅम, हे खाणं आहे का?"

"छे, छे! माझ्या मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट," मी इंग्रजीत ठोकून दिलं.

नेमकी तेव्हाच होडी काठाला लागली. "नो, इट्स नॉट!" लेक ओरडली.

उघड्यावर अन्न ठेवलं की अस्वलं येतात, पुन्हा दिसलं तर जागा सोडावी लागेल, असं बाईंनी मला आजूबाजूच्या सगळ्या तंबूंना ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं. हे बाजूला उभे राहून "येस मॅम, येस मॅम" करत होते. घरी येताना गाडीत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. आता हे मला कुठेही नेणार नाहीत.

आणि झालंही तसंच. ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी झाली, तेव्हा हे ऑफिसातल्या मित्रांबरोबर गेले. मला विचारलंसुद्धा नाही. येताना शेकोटीचा वास भरलेला स्वेटर घेऊन आले. मी तो आठवडाभर धुतला नाही आणि दोष मशीनवर ढकलला. डिसेंबरात लेकीला घेऊन लाकडी केबिनमध्ये राहून आले. "आई, तळ्यातून वाफ येत होती! टोटली मॅजिक!" ती सांगत होती, आणि मी भेंडी चिरत म्हटलं, "हो का." एका वाक्याचं तर काम होतं, मलाही यायचंय. पण माझा ताठा त्या साबुदाण्यापेक्षा चिवट.

मार्चमध्ये डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली. हे खाली पार्किंगमध्ये तंबू झटकायला बसले, आणि माझ्याच्याने राहवेना. जवळ जाऊन म्हटलं, "अहो, ह्या वेळी मलाही न्या ना. मला ते तळं आवडलं होतं."

ह्यांचे हात थांबले. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही चारही ऋतूंत तिथे गेलो. आता हे नाहीत, नात नेते मला. पण तेव्हा ते माझ्याकडे न बघता जे बोलले, ते शब्दन् शब्द लक्षात आहे:

"अगं, त्या बाईने तुला सगळ्यांदेखत ऐकवलं आणि मी नुसता येस मॅम करत राहिलो. परत चल म्हणायला तोंड कुठे होतं मला? बरं, धर हे टोक. दोरी गुंतलीय."