पौर्णिमेला बंद असलेलं दार

गुप्त संघटनांवरच्या थरारक कादंबऱ्या पाहिल्या की आता माझं डोकं फिरतं. एके काळी त्या मी हैदराबादच्या कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणायचो आणि वाचून झाल्या की आमच्या कुकटपल्लीच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींना द्यायचो. पार्किंगमध्ये फेऱ्या मारताना वर त्यांना समजावूनही सांगायचो, की अशी मंडळी ओळखायची कशी. पांढरे कपडे, मेणबत्त्या, पौर्णिमा, कुणाला न कळणारी जुनी भाषा, बंद दार. यातले विधी खरे आहेत असं लेखकानं पहिल्याच पानावर छापलेलं असायचं. मीही ते तसंच पुढे ढकलत होतो.

एका संध्याकाळी सेक्रेटरी चालता चालता थांबले.

"साब, बुरा नक्को मानो. आपके घर में हर पूनम को क्या चलता?"

"क्या चलता मतलब?"

"सफेद कपडे पहन के लोगां आते. मोमबत्तियां. दरवाजा बंद. अंदर कौनसी तो भी जबान में पढते. आपीच तो बोले थे ना, ऐसेच रहते बोल के! कमिटीवाले पूछ रैं."

मला हसू यायला हवं होतं. घाम फुटला.

पौर्णिमेला आमच्याकडे बुद्धवंदना होते. आई घेते. मराठवाड्यातून नोकरीसाठी इथे आलेली आमची चार-सहा बौद्ध कुटुंबं जमतात. पालीतली सूत्रं म्हणून झाली की खीर, मग कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाचे गुडघे दुखतात. एवढंच आमचं गूढ.

दार मात्र मीच लावायचो. फ्लॅट घेताना "आप लोगां में क्या?" असं विचारलं गेलं, तेव्हा मी "महाराष्ट्रवाले" म्हणून वेळ मारून नेली होती. बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये चालते. सेक्रेटरींकडेही शोभेची आहे. निळ्या कोटातली तसबीर मी आईच्या खोलीत, आतल्या भिंतीला लावली होती.

"मेडिटेशन का क्लास है," मी सेक्रेटरींना म्हणालो.

आई मागच्याच बाकावर बसली होती. घरात आल्यावर म्हणाली, "क्लास व्हय? मग फी घे की बायांकडून. आन् मला मास्तरीण म्हण."

"आई, तुला इथलं काही माहीत नाही."

"हाटेलात येगळ्या कपात च्या पिलेली बाई हाय मी. ते तोंडावर तरी करायचे. तू तर त्यांनी इचारायच्या आधीच लपतूस. पुढच्या पुनवेपासून मी वंदना घेणार न्हाई. चोरून करायची असंल तर नकोच."

तिनं सगळ्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलंही.

त्या कादंबऱ्यांत बलाढ्य लोक तळघरात जमतात, अंगठ्या दाखवतात, रक्ताच्या शपथा घेतात. साफ खोटं आहे. घर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायला कुणाला तळघर लागत नाही. ते पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून, चहा पीत ठरतं. शपथ नाही, खूण नाही, तरी एकही जण फुटत नाही. एक साधा प्रश्न पुरतो. आणि तो प्रश्न ज्याला विचारला गेला तो मी, विचारणाऱ्यांनाच खोट्या खुणा शिकवत बसलो होतो.

पौर्णिमेला तसबीर मी हॉलमध्ये, दारासमोर लावली. सगळ्यांना मीच पुन्हा फोन केले. आई पांढरी साडी नेसून आली. दार उघडंच राहावं म्हणून त्याच्याखाली मी पायपुसणं अडकवलं.

सेक्रेटरी आले. चपला न काढता उंबऱ्याशीच थांबले. मेणबत्त्यांकडे पाहिलं, मग तसबिरीकडे.

"अच्छा," ते म्हणाले. "आप लोगां..."

"हौ. आओ, अंदर बैठो."

"बाद में आता."

त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती. तिच्या जागी जे आलं, ते मी लहानपणापासून ओळखतो.

"दार लावू का?" आतून कुणीतरी हळूच विचारलं.

"राहू दे," मी जवळजवळ ओरडलोच.

आईनं पदर सारखा केला आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वंदना सुरू केली. रागानं माझे हात काही केल्या नीट जुळेनात.