झरोक्यातला पंखा

बाळंतपण माहेरी, रेणापूरला झालं. सव्वा महिन्यानं मुलीला घेऊन नांदेडला परतले, तेव्हा थंडी चांगलीच पडली होती आणि आमच्या शेजारच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं होतं. बिऱ्हाड माणसांचं नव्हतं; यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, क्रिप्टोच्या मायनिंगची मशीनं आणली होती. इंटरनेटवरची नाणी कमावणारी ती खोकी रॅकवर दिवसरात्र घरघरत. पंखे थांबले तर तापून जळतील, असं हे सांगायचे.

सासूबाईंना त्यातलं फक्त तापणं कळलं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी हवीच, हा त्यांचा नेम. मशीनच्या मागं हात धरून त्या यांना म्हणाल्या, "आरं, ही फुकटची ऊब गल्लीत कशाला सोडून राहिलास? लेकराकडं सोड की. धूर न्हाई, राख न्हाई." आज्ञाधारक लेकानं दोन खोल्यांमधल्या झरोक्याची काच काढून तिथं पंखा बसवला. खरं सांगते, मलाही आवडलं. दुपटी पटकन वाळायची, मुलगी हातपाय सैल सोडून झोपायची. बघायला येणाऱ्या बायकांना सासूबाई ही बिनकोळशाची शेगडी कौतुकानं दाखवायच्या.

होळी झाली आणि ऊन चढलं. मशीनच्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी एकच. तिथं यांनी घरातला एकुलता एक कूलर लावला. गार हवा मशीनना, आणि त्यांनी तापवलेली हवा झरोक्यातून आमच्या अंगावर.

"झरोका बंद करा," मी रोज म्हणायचे.

"मग गरम हवा जाईल कुठं?" हे मलाच विचारायचे, जणू ती सोय मी करायची होती.

सासूबाईही कुरकुरू लागल्या, तर हे त्यांना त्यांचेच हिवाळ्यातले शब्द ऐकवायचे. माझा नुसता संताप व्हायचा. मशीन जरा तापलं की यांच्या मोबाइलवर अलार्म वाजायचा. मुलीची मान घामोळ्यांनी लालबुंद झाली, ती मात्र मीच पुसत बसायचे.

एका दुपारी ती दूध ओढेना. रडेनासुद्धा. अंग नुसतं भाजत होतं. ऑटोनं दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी तिचे कपडे काढले, ओल्या फडक्यानं अंग पुसत विचारलं, "झोपते त्या खोलीत हवा खेळते का?"

मी यांच्याकडं बघितलं. हे बोलणार तेवढ्यात खिशातला अलार्म वाजला. यांनी मोबाइल बघितला, मुलीकडं बघितलं, "आलोच" म्हणाले आणि गेले. डॉक्टरबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर मी दिलं.

संध्याकाळी ती दूध प्यायली, तेव्हा कुठं मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन रेणापूरला निघाले. एसटी स्टँडवर पिशवी घेऊन सासूबाई स्वतः आल्या होत्या. "झरोका बुजल्याबिगर येऊ नको," एवढंच म्हणाल्या.

काही दिवसांनी यांचा फोन आला.

"ये आता. मशीनं बंद केली. झरोकाही बुजवला."

आवाजात काकुळती होती. मला विश्वास ठेवायचा होता, अगदी मनापासून. आईनं ऐकलं आणि ती लगेच पाळण्याची दोरी सोडायला लागली. तेवढ्यात पलीकडून ती घरघर ऐकू आली. सगळा हिवाळा मी त्या आवाजात झोपले होते.

फोन ठेवला आणि आईला म्हटलं, "पाळणा राहू दे."