देवघरावरची चिमणी

माझे काका अंबरीश दामले हाडांचे डॉक्टर. एक्स-रे बघितल्याशिवाय त्यांनी जन्मात कुणाच्या गुडघ्याला हात लावला नाही. आणि रिटायर झाल्यावर इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या दोनशे वर्षं जुन्या घरात, कुणाला न विचारता, तळमजल्यावरची फायरप्लेस फोडून ईशान्येला देवघर केलं! तिच्याच आधारावर उभी असलेली वरच्या तीन मजल्यांची विटांची चिमणी तशीच अधांतरी. मी बिल्डिंग सर्व्हेयर; कानीकपाळी ओरडले. शेवटी छताजवळच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली की ती तडकते.

आज पट्टीचे दोन तुकडे झालेले दिसले.

"काका, आधी बाहेर या!"

काकांनी डोळे मिटूनच घंटीचा हात वर करून मला थांबवलं. आरती अर्धवट सोडायची नसते.

निरांजनात वरून विटेची लाल भुकटी पडत होती.