चाकाच्या नटाला दोन थर राळ

मोटारसायकलच्या नटांना काय लावू नये, या विषयात आमच्या किनाऱ्यावर माझ्याइतका जाणकार माणूस सापडणार नाही.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. मुंबईच्या गोदीत चार वर्षं ओझी वाहून (घरी मी ‘मशीनवर आहे’ असं कळवलं होतं!) मी गावी परतलो, तो लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटारसायकल घेऊनच. आमचं घर मासेमारीवर जगणारं. दारात होडी होती, जाळी होती, त्यांच्या शेजारी ही येऊन उभी राहिली. पळायची झकास, पण आमच्या रस्त्यावर थरथर थरथर करत नट गाळत जायची. मागे बसलेला माझा बा उतरून ते आपल्या लाल टोपीत वेचायचा. बाजारात माणसं रामराम करण्याआधी खिशातून नट काढून विचारायची, “ह्यो तुझाच ना रे?”

शेवटी वैतागून मी माणगावच्या मिस्त्रीकडे गेलो.

“आट्यांना जरासा सफेदा लाव,” तो म्हणाला. “वाळला की नट धरून ठेवतो, आणि पान्याने जोर केला की सुटतो. पण चाकाच्या नटाला काही लावू नकोस हां! पंक्चर झालं तर तो वाटेतच काढायला लागतो.”

घरी येऊन मी हे बाला सांगितलं.

“सफेदा? आरं, त्यो रंग हाय रंग!” बा खवळला. “आपली होडी दर्यात येवढी आदळती, एक तरी सांधा हलतो काय? राळ लाव, राळ!”

होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकतात आणि त्यावर तेलात उकळलेली राळ भरतात. थंड झाली की दगड! ती उकळण्यात बाचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण खरं सांगायचं तर दोष बाचा नाही. त्याने फक्त राळ उकळून दिली. सगळ्या नटांना ती फासली मी. आणि उरली म्हणून चाकाच्या नटालाही दोन थर चढवले, तेही मीच! (मिस्त्रीला काय कळतंय, असं त्या वेळी मला मनापासून वाटलं होतं.)

महिनाभर एक नट पडला नाही. मी हवेत होतो. त्यातच बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या एका सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याकडून निरोप आला. त्यांची मुलगी मी जत्रेत लांबून पाहिली होती आणि तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता. निरोप असा होता: ‘रविवारच्या भरतीला मी मचवा घेऊन मुंबईस निघतो. त्याआधी मुलाला घेऊन बंदरावर या. उशीर झाला तर दुसरं एक स्थळ आहे.’

“चालत जाऊ,” बा म्हणाला. “दोन तासांची तर वाट.”

“चालत? मोटारसायकलवाला म्हणून विचारलंय त्यांनी मला!”

बा मागे बसला. हातात नारळ, आणि काखेत राळेचा डबा, वाटेत एखादा नट सुटलाच तर म्हणून!

अर्ध्या वाटेत मागचं चाक फुस्सकन बसलं. मी मोठ्या ऐटीत उतरलो. माझ्याकडे नवी ट्यूब होती, पंप होता, पाना होता. फक्त नट फिरत नव्हता. मी ओढलं, लाथ मारली, पान्यावर उभा राहिलो. पाना निसटला आणि माझी बोटं सोलून निघाली.

“बघ!” बा कौतुकाने म्हणाला. “म्हनलं व्हतं ना, हलायचा न्हाय!”

“बा, तो आता हलायलाच पायजे!”

“मंग राळ कशापायी लावलीस?”

खाली खाडीत पाणी चढत होतं. ती मुलगी दुसऱ्याच्या घरी निघालेली मला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि माझा बाप नटाचं कौतुक करत होता!

“शेकल्याबिगर राळ सुटत न्हाय,” तो म्हणाला. होडीची जुनी राळ काढताना खालून झावळ्या पेटवतात. मी होय-नाही म्हणेपर्यंत बाने सुक्या झावळ्या ओढून चाकाखाली पेटवल्यासुद्धा.

“बा! टाकीत पेट्रोल हाय!”

“टाकी म्होरं हाय, आग मागं हाय!”

राळ वितळली. नट फिरला, अगदी लोण्यासारखा! तोवर टायर पेटला होता, आणि टायरवरून आग सीटवर गेली होती. दोघांनी माती टाकटाकून ती विझवली. मागे उरली ती लोखंडी कडी आणि चार तारा.

“सुटला का न्हाय?” बाने विजयी मुद्रेने विचारलं.

मी पळत सुटलो. मागून नारळ आणि डबा सांभाळत बा. बंदरावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. संपलं सगळं, असं म्हणून मी मान खाली घातली. पण मचवा तिथेच होता, चिखलावर टेकलेला! मुलीचे वडील डोक्याला हात लावून बसले होते. ऐन निघताना तळाचा सांधा गळायला लागला होता, आणि आत सगळा माल.

बाने त्यांना रामरामही केला नाही. वाकून सांधा पाहिला आणि म्हणाला, “पाव्हनं, वाईच इस्तू मिळंल काय?”

पुढच्या भरतीआधी सांधा भरून झाला. मुलीच्या वडिलांनी त्यावर मूठ आपटून पाहिली, नख लावून पाहिलं. “अशी राळ लावनारं घर असंल तर पोरगी दिली!” ते म्हणाले. काजळी फासलेल्या माझ्याकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

लग्नाला आता कितीतरी वर्षं झाली. तो सांधा पुन्हा कधी गळला नाही. आणि माझ्या हातून घरात काहीही बिघडलं (म्हणजे साधारण दर दोन दिवसांनी), की बायको शांतपणे म्हणते, “माझ्या बापसानं राळ पारखून पोरगी दिली. नवरा पारखायचा ऱ्हाऊनच गेला!”