पेरून टाकलेला रस्ता

ते प्रकरण डोक्यातून गेलं नाही, जाणारही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंच पुसलं गेलं. पण वावरातून बंडी, म्हणजे बैलगाडी, घातल्याचा एक साधा गुन्हा आजही जसाच्या तसा समोर उभा राहतो. कोणाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. रिसोड तालुक्यातलं गाव होतं, एवढं पुरे.

मी तेव्हा ठाण्यात बीट जमादार होतो. शाळेत फार टिकलो नाही. भरती झालो ते छातीवर आणि धावण्यावर. लिहायला मला वेळ लागतो, म्हणून जे लिहितो ते सरळ लिहितो.

श्रावण संपत आला होता. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीवाल्यानं चार्ज दिला, मी स्टेशन डायरी पुढं ओढली. तेवढ्यात गावातले एक मोठे कास्तकार दोन माणसं सोबत घेऊन आले. पांढरे कपडे, हाताला पट्टी. फिर्याद अशी की, काल दिवेलागणीला बौद्ध वस्तीतल्या एका माणसानं त्यांच्या उभ्या सोयाबीनमधून बैलबंडी घातली. वस्तीपासून थेट डांबरी सडकेपर्यंत पीक तुडवलं. ते आडवे झाले तर बैल हाकायच्या तुतारीनं त्यांना मारलं.

ठाणेदार साहेब तरुण होते, कायद्याचे पक्के. गुन्हा दाखल झाला: दुसऱ्याच्या वावरात घुसणं, पिकाचं नुकसान, मारहाण. तपास माझ्याकडे आला.

मी दोन पंच घेऊन जागेवर गेलो. काळी कसदार जमीन, सोयाबीन गुडघ्याच्या वर. त्यातून बंडीच्या चाकांच्या दोन रेघा आरपार गेलेल्या. पंचनामा केला, फोटो काढले. मग बंडीवाल्याला शोधायला निघालो. तो पळालेला नव्हता. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, पायाला तसाच चिखल. आत त्याची म्हातारी आई सलाईनवर होती. तिला साप चावला होता. मला पाहून तो स्वतःच उठला.

"चाला," म्हणाला. "बुढी शुद्धीवर आली आता."

ठाण्यात समोर बसवून विचारपूस सुरू केली.

"बंडी घातली?"

"घातली."

"दुसऱ्याच्या वावरातून काहून घातली?"

"वावर नाई सायेब, रस्ता हाय तो. माहा बाप त्याच रस्त्यानं गेला, आजा त्याच रस्त्यानं गेला. औंदा त्याहीनं रोटावेटर मारून पेरून टाकला."

"मंग दुसरीकडून जायचं होतं."

"दुसरीकडून नाला हाय. नाल्याले गळ्याइतकं पाणी. बुढी गार पडून राह्यली होती. तुमी काय केलं असतं?"

मी प्रश्न विचारायला बसलो होतो, उत्तर द्यायला नाही. जबाब लिहिला, नोटीस दिली, त्याला सोडला.

तलाठ्याकडून गावनकाशा आणला. त्यावर रस्ता नव्हता. याच्यात नवल काहीच नव्हतं. आपल्या भागात निम्म्या पांदणी कागदावर नाहीत. लोक पिढ्यान् पिढ्या जातात, बैल जातात, म्हणून तो रस्ता. मी गावात विचारत फिरलो. पारावर बसलेले म्हणाले, "रस्ता? कोनता रस्ता?" पोलीस पाटील म्हणाले, "आपलं तिकडं जानं नाई होत." इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस लवकर उत्तर देतो, आणि घाबरलेला माणूस आधी मागं पाहतो. त्या दिवशी सगळ्यांनी आधी मागं पाहिलं. मागं त्या कास्तकाराचं घर होतं.

ठाणेदार म्हणाले, "जमादार, कबुली आहे, पंचनामा आहे. रस्ता असल्याचा एकही साक्षीदार नाही. दोषारोपपत्र तयार करा."

मी म्हटलं, "साहेब, थोडा वेळ द्या."

त्यांना तो एक किरकोळ गुन्हा होता. मला वेगळंच दिसत होतं. माझ्या सहीच्या कागदावर 'तिथं रस्ता नव्हता' असं एकदा कोर्टात गेलं की तो रस्ता मेला. मग वस्तीतला कोणीही तो रस्ता मागायला गेला की हाच कागद त्याच्या तोंडावर फेकला जाणार.

म्हातारीला दवाखान्यातून सुट्टी झाली, तशी ती घरी न जाता ठाण्यात आली. पायाला बँडेज, हातात काठी. व्हरांड्यात बसली आणि हलेना.

"मावशी, घरी जा. पोराला सोडला आहे," मी म्हटलं.

"सोडला, पन केस तं हाय न. मले साप चावला म्हून पोराले कोर्टात नेता? त्या सापालेच धरा न मंग. तो तं अजून मोकळा फिरून राह्यला."

सगळं ठाणं हसलं. ती हसली नाही.

"तुझ्या पोरानं तुतारीनं मारलं म्हणतात."

"एका हातात कासरा होता, दुसऱ्या हातानं मले धरलं होतं. तिसरा हात तुमच्याकडं जमा असंल तं दाखवा."

मग तिनं आवाज खाली घेतला. "वस्तीतले पोट्टे म्हन्तात, उलटी केस टाकू. मले केस नाई पाहिजे, जमादार. मले रस्ता पाहिजे. मी तं वाचली. उद्या पुरात कोन्या लेकीची बाळंतपनाची येळ आली, तं ते बंडी कुठून नेतीन?"

ती काठी टेकत गेली.

खबर मिळाली ती सडकेवर. रिसोडला सवाऱ्या नेणारा एक काळी-पिवळी जीपवाला चहाच्या टपरीवर माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. तोंड दुसरीकडं ठेवून बोलायला लागला.

"जमादार, त्या वावराच्या तोंडाशी माहा थांबा होता. रोज वस्तीतल्या चार-पाच सवाऱ्या भरत होतो. रस्ता नोयता तं ते लोक काय उडून येत होते?"

"हेच जबाबात सांग."

"जबाब नाई देत. मले त्याच गावातून गाडी भरा लागते. तुमाले खरं मालूम असावं म्हून सांगतलं. चहाचे मी देतो."

खरं मला आता माहीत झालं होतं. पण कोर्टाला माझं माहीत असणं चालत नाही. मला असा साक्षीदार पाहिजे होता ज्याला त्या कास्तकाराची भीती नाही. गावात तसा माणूस नव्हता.

आमच्या क्वार्टरच्या मागं माझ्या बायकोनं त्या पावसाळ्यात मेथी टाकली होती. सकाळी तोंडात ब्रश धरून मी तिथं उभा होतो. मेथी चांगली हिरवीगार आली होती, पण मधून एक तिरपा पट्टा तसाच उघडा. कुठं कुठं दोन पिवळी पानं, बस.

मी विचारलं, "इथं बी टाकलं नाही का?"

ती भांडी घासत होती. वर न पाहता म्हणाली, "लोकाईचे चोर सापडते तुमाले, आन् घरची मेथी काहून निघाली नाई थे नाई सापडत?"

"सांग मग तूच."

"तिथून सारी पोलीस लाइन नळावर जाये. नळ हलवला, पन वाट तिथंच हाय. वरून खुरपलं मी, बीही टाकलं. पाय पडलेल्या जाग्यावर मूळ खाली जात नाई. जमीन लय हट्टी असते. दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, मंग तेही इसरते."

मी तोंड न धुताच तिथं उभा राहिलो. पंचनामा करताना जे पाहिलं होतं ते आता डोक्यात बसलं. त्या वावरात चाकांखालचं पीक तुडवलेलं होतं. पण दोन चाकांच्या मधल्या पिकावरून चाक गेलंच नव्हतं. बैलांच्या पायानं एखादं मोडलं असेल, पण बाकी झाडं जागेवर होती. तरी ती वीतभर होती. बाजूची गुडघ्याच्या वर.

त्याच दिवशी ठाणेदार साहेबांना गळ घातली. ते नाखुशीनं आले. तलाठी बोलावला, दोन पंच घेतले. त्यातला एक गावातलाच म्हातारा कास्तकार होता. फिर्यादीला बोलावलं, बंडीवाल्यालाही. वावराच्या बाजूला बरड आहे, म्हणजे मुरमाचं उघडं टेकाड. सगळ्यांना मी त्याच्यावर चढवलं.

वरून पाहिलं. खाली सगळं हिरवं. त्या हिरव्यातून एका बंडीच्या रुंदीचा पिवळट पट्टा निघाला होता, वस्तीपासून सडकेपर्यंत. एखाद्यानं हातानं रेघ ओढावी तसा, फक्त मधात एका जागी वळलेला. चाकांच्या रेघा त्या पट्ट्याच्या आतच होत्या. अंधार पडत होता, बंडीवाल्याचं ध्यान आईकडे होतं, पण बैलांनी आपली वाट सोडली नव्हती.

फिर्यादी म्हणाले, "पानी साचते तिथं. म्हून पिवळं हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "साहेब, पाणी खोलगटात साचते. हा पट्टा चढावर गेला आहे. आणि मधात का वळला, ते खाली जाऊन पाहू."

खाली उतरलो. वळणाच्या जागी माती उकरली तर बाभळीचं खोड निघालं, जमिनीबरोबर कापलेलं. रस्ता त्या झाडाला वळसा घालून जात होता. झाड तोडलं, वळण राहिलं. मग मी सब्बल, म्हणजे पहार, मागवली. बाजूच्या पिकाच्या दोन ओळींमधल्या तासात मारली, हातभर आत गेली. पट्ट्यात मारली तर टण्णकन वाजली. खणलं. वरची काळी माती बाजूला झाली आणि खाली तांबडा मुरूम लागला, दाबून बसलेला. त्या मुरमात बैलाच्या खुराचा एक गंजलेला नाल सापडला. काळ्या वावरात मुरूम आपोआप येत नाही.

"हा मुरूम कोणी टाकला?" साहेबांनी विचारलं.

फिर्यादीचा चेहरा लाल झाला. बंडीवाल्याकडे बोट करून ते बोलून गेले, "यायच्या बापायनं टाकला. माह्या बापानं जाऊ देलं म्हून काय मीही जिंदगीभर जाऊ देऊ?"

तलाठ्याचं लिहिणं थांबलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "आत्ता काय म्हणालात? पंचांसमोर पुन्हा एकदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. गरज नव्हती. आमच्या पंचांतला तो म्हातारा कास्तकार पुढं झाला. यावेळी त्यानं मागं पाहिलं नाही.

"लिवून घ्या सायेब. वस्तीतल्या बाया निंदनाले याच रस्त्यानं मी आनतो. माहा बापही आनत होता. इतके दिवस बोललो नाई, कारन बोलून काय होते असं वाटे. आता जमीनच बोलली तं मी काय चूप बसू?"

तो बोलल्यावर बाकीचेही बोलले. पोलीस पाटलांनाही आठवलं. जीपवाला तर स्वतः ठाण्यात आला आणि म्हणाला, "आता लिवा माहा जबाब, पयलेच सांगत होतो." मारहाणीचं काय ते डॉक्टरच्या दाखल्यात दिसलं, नुसतं खरचटलेलं. सडकेच्या तोंडाशी फिर्यादीनं रस्ता अडवायला बोरीच्या काट्या लावल्या होत्या, त्या स्वतःच ओढताना लागलेलं. त्यांनी पुढं ते कबूलही केलं.

कोर्टात आम्ही क समरी पाठवली, म्हणजे हा फौजदारी गुन्हा नाही, वाद रस्त्याचा आहे. ती मंजूर झाली. पंचनाम्याची नक्कल तहसीलदारांकडे गेली. पीक निघाल्यावर त्यांनी रस्ता मोकळा करून दिला. तो कास्तकार आता आपलं सोयाबीनही त्याच रस्त्यानं रिसोडच्या मार्केटात नेतो. मला भेटला तर रामराम घालतो, तोंड वाकडं करून. मीही घालतो.

वावर खणलं त्या संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सरकारले म्हना, मेथीचं बी भरून द्या." दुसरं काही नाही. तिला कौतुक करून घ्यायची सवय नव्हती, आणि मला करायची.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं तरुण पोलीस विचारतात. मी सांगतो, साक्षीदार नाही असं कधी लिहू नका. आधी जागेवर जा, आणि एकदा पाहून झालं की पुन्हा जा. आणि लवकर जा. आणखी दोन-तीन पेरण्या झाल्या असत्या तर ते वावर सगळीकडं सारखं हिरवं झालं असतं आणि म्हातारी खोटी पडली असती.

बायको मागच्या वर्षी गेली. निवृत्तीनंतर वाशिमच्या कडेला घर बांधलं, तिथं आम्ही दोघंच राहत होतो. मागच्या दारापासून हौदापर्यंत ती दिवसभर ये-जा करायची. अंगणात यंदा गवत घोट्याच्या वर आलं, पण त्या वाटेवर नाही. मुलगा सुट्टीत आला तर म्हणाला, "बाबा, अंगणात सिमेंटचे गट्टू बसवून टाकू. गवतात साप निघते."

मी म्हटलं, "मी मेल्यावर बसव."

तो रागावला. त्याला कारण सांगितलं नाही. नळ आता घरात आहे, हौदावर जायचं काम उरलं नाही. तरी मी रोज सकाळी बादली घेऊन त्याच वाटेनं जातो आणि त्याच वाटेनं येतो. कोणी चाललं नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत जमीन विसरते, हे मला तिनंच सांगितलं आहे.