बिनसावलीचे भाऊराव

हिंदी मुलखातल्या चेरीताल वस्तीतल्या भाऊरावांना सावलीचं वावडं होतं. चौतीस वर्षं त्यांनी फॅक्टरीत फोटो काढले, तेही माणसांचे नाही, सुट्या भागांचे. स्प्रिंगा, खिळे, तडा गेलेल्या नळ्या. फोटोत सावली पडली की साहेब विचारणार, ही चीर आहे की सावली? म्हणून चारी बाजूंनी दिवे, दिव्यांपुढे बटर पेपर, आणि सावलीला थारा नाही! निवृत्तीनंतर त्यांनी पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला आणि गल्लीतल्या माणसांनाही त्याच उजेडात बसवलं. नवरदेव असो की नवरी, फोटोत सगळे आधार कार्डावरच्यासारखे. कुणी कुरकुरलं तर भाऊराव ताडकन म्हणत, "नाक-डोळे दिसून राहिले ना? मग झालं!"

या संक्रांतीला मात्र काम घरचंच निघालं. त्यांची बायको शैलजा हलव्याचे दागिने करायची. आसपासच्या मराठी घरांत नव्या सुनेची पहिली संक्रांत आली की शैलजाकाकींकडेच धाव. मंद शेगडीवर परात, खसखशीवर थेंब थेंब पाक, आणि बोटांच्या टोकांनी तासन्‌तास हलवत बसायचं, तेव्हा कुठे दाण्याला काटा फुटतो. काटा धरला की नाही, हे ती बोटांनीच ओळखायची. आणि यंदा मधुमेहानं नेमकी बोटंच बधिर केली. दोनदा भाजलं तरी कळलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी शेगडी बंद करायला सांगितली.

"एक शेवटचा साज करते," ती म्हणाली आणि हट्टानं केला. पण काटा आला की नाही, हे तिला कळेचना. पांढऱ्यावरचं पांढरं चष्म्यातूनही उमगेना, आणि "छान झालाय" म्हणणाऱ्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. हात बिघडले ते बिघडले, शेवटचं कामही बिघडलं, हेच तिच्या डोक्यात बसलं. दोन दिवस ती धड जेवली नाही.

"मोठा फोटो काढतो," भाऊराव म्हणाले. "त्यात दिसेल. मग तर मानशील?"

शेजारच्या घरात नोव्हेंबरात लग्न होऊन आलेली स्वानंदी मॉडेल म्हणून तयार झाली. पहिली संक्रांत तिचीच, साजही तिच्यासाठीच केलेला. भाऊरावांनी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. दिवा किती इंचांवर, खुर्चीचे पाय कुठे, सगळं खडूनं फरशीवर आखलं. तोफ बसवायची असती तरी एवढी आखणी केली नसती माणसानं!

सकाळी दहाला स्वानंदी काळी चंद्रकळा नेसून बसली. हार, बाजूबंद, बांगड्या, कपाळावर बिंदी. चारही दिवे लागले. क्लिक झालं, लॅपटॉपवर फोटो उघडला, आणि शैलजाचा चेहरा उतरला. हार कसला, दोऱ्यात ओवलेला साबुदाणा! गुळगुळीत, गोल, पांढरा.

"नाहीच आला काटा," ती म्हणाली. "मला माहीतच होतं. सगळे उगीच गोड बोलून राहिले होते."

"अगं, आहे काटा! मला दिसून राहिला!"

"फोटोत सगळं दिसते म्हणाले होते ना तुम्ही? मग?"

ती आत निघून गेली आणि ते दिव्याकडे बघत उभे राहिले. त्यांना फॅक्टरीतला तपासनीस आठवला. पत्रा खरखरीत आहे का बघायचं तर तो बाकीचे दिवे मालवून टॉर्च पत्र्याला आडवी टेकवायचा, की बारीकसा उंचवटाही सावलीसकट उभा राही. "माझ्या उजेडाचा सत्यानाश करून राहिला हा," म्हणून भाऊरावांनी त्याला जन्मभर शिव्या घातल्या होत्या.

त्यांनी तीन दिवे मालवले. चौथ्याचा बटर पेपर फाडला आणि तो दिवा स्वानंदीच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर आणला. उजेड परत फिरू नये म्हणून दुसऱ्या अंगाला शैलजाची काळी शाल टांगली. काळ्या साडीला भुलून कॅमेरा जास्त उजेड घेईल आणि हलव्याचा नुसता पांढरा डाग करील, म्हणून उजेडाचं माप दोन पायऱ्या खाली आणलं.

"काकाजी, मेरा आधा चेहरा काला आएगा ना?" स्वानंदीनं घाबरून विचारलं.

"येऊ दे. हलू नको."

बोट बटणावर ठेवूनही ते क्षणभर थांबले. एवढी सावली त्यांच्या फोटोत आजवर कधी आली नव्हती. मग दाबलं, आणि हाक मारली, "शैला, ये बरं इकडे."

ती नाखुषीनंच आली. भाऊरावांनी हार पडदाभर मोठा केला. एकेक दाणा काटेरी, आणि प्रत्येक काट्याशेजारी त्याची इवलीशी सावली. शैलजानं त्यांच्या हातातला माउस काढून घेतला. डाव्या खांद्यापासून ती दाणा दाणा बघत निघाली. "याला आहे. यालाही आहे. हा जरा बोथट आहे. याला आहे." पन्नासेक दाणे झाले असतील. स्वानंदीची मान आखडली होती, तरी 'हलू नको' अजून कुणी मागे घेतलं नव्हतं, म्हणून ती तशीच बसून राहिली.

शेवटचा दाणा बघून शैलजा पदर तोंडाला लावून रडायला लागली. डोळे पुसून ती म्हणाली, "अहो, ती शेगडी उद्या कुणाला तरी देऊन टाका."